तलावात ‘औषध’ टाकण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, पोहण्याच्या तलावाजवळ गेले की एक उग्र वास नाकात शिरतो. तो आला की सोबतची मोठी माणसे समाधानाने म्हणतात, “आज पाण्यात औषध चांगले टाकलेले दिसते!” तासाभराने मुले डोळे चोळत बाहेर येतात, पण समाधान कायम असते. औषध कडूच असायचे, अशी आपली समजूत आहे ना! परंतु हा वास बहुधा औषध भरपूर झाल्याचा नसून कमी पडल्याचा असतो, असे मी म्हटले तर तुम्हांला नवल वाटेल. ते तसे का, हे पुढे पाहू.

एके काळी पोहायला शिकायचे म्हणजे गावची विहीर, नाहीतर नदीचा डोह. पाठीला रिकामा डबा किंवा भोपळा बांधायचा आणि काकांनी ढकलून द्यायचे! आता शहरांतून सोसायटीच्या आवारात तलाव असतात; कर्जत, लोणावळा, अलिबाग या बाजूंना बंगल्यांच्या अंगणात घरगुती तलावही दिसतात. तलाव बांधून झाला की मालक दुकानात जाऊन विचारतात, “पाण्यात कोणते औषध टाकू?” दुकानदार एक डबा पुढे करतो आणि प्रश्न तेथेच संपतो.

माझे म्हणणे असे की, हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे, “माझ्या पाण्यात आज काय आहे, आणि ते मी कसे मोजणार?” ताप न पाहता, वजन न विचारता कोणी वैद्य गोळी देत नाही. मग ज्या पाण्यात आपली भावंडे डोके बुडवतात, त्याला न मोजता औषध का द्यावे? मी भौतिकशास्त्र शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे. पण मोजमाप हा दोन्ही शास्त्रांचा पाया आहे, म्हणून या अंगणात पाऊल टाकण्याचे धाडस करतो.

क्लोरीन पाण्यात काय करतो?

१७७४ साली शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एक हिरवट-पिवळा, गुदमरवणारा वायू मिळवला. हे मूलद्रव्य आहे हे ओळखून १८१० साली हम्फ्री डेव्हीने त्याला क्लोरीन हे नाव दिले. तत्पूर्वी १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने हा वायू विझवलेल्या चुन्यात शोषवून विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, बनवण्याचे पेटंट घेतले होते. पुढे १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी तिच्या द्रावणात डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नियमितपणे मिसळण्यास सुरुवात झाली. आज आपल्या गावातील विहिरीत जी ‘टीसीएल पावडर’ पडते, ती याच कुळातली.

वायू, पावडर, द्रव, गोळी यांपैकी क्लोरीनचे काहीही पाण्यात टाका, खरे काम करणारा शिपाई एकच असतो. त्याचे नाव हायपोक्लोरस आम्ल. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. परंतु पाण्यात या आम्लाचा काही भाग फुटून हायपोक्लोराइट आयन बनतो. या आयनावर ऋण भार असतो, आणि जंतूंच्या पृष्ठभागावरही बहुधा ऋण भारच असतो. समान भार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही आठवी-नववीत शिकला आहात. त्यामुळे हा आयन जंतुनाशक म्हणून फारच दुबळा ठरतो.

किती भाग शिपाई राहील आणि किती दुबळा होईल, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन-तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो. तो ७.५ झाला की निम्मा, ८ झाला की जेमतेम पाव, आणि ८.५ झाला की दहावा हिस्साच! म्हणजे डबा तोच, पावडर तेवढीच, खर्चही तोच; पण सामू सव्वा एककाने वर गेला की औषधाचा जोर सहा-सात पटींनी उतरतो. मग कोणत्या कंपनीचा डबा घ्यावा, यावर वाद घालण्यात काय अर्थ?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पोहण्याच्या तलावांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत क्लोरीन वापरणाऱ्या तलावांसाठी सामू ७.२ ते ७.८ ठेवावा असे सांगितले आहे. पाणी चांगले खेळते असेल तर दर लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन एरवी पुरतो आणि सार्वजनिक तलावात तो ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असेही त्यांत आहे. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा.

वास कशाचा?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम आणि (लहान मुलांनी रागावू नये!) पाण्यात केलेली लघवी यांत युरिया, अमोनिया अशी नायट्रोजनयुक्त द्रव्ये असतात. क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावून क्लोरामाइन नावाची संयुगे बनवतो. डोळे झोंबवणारा आणि घशात खवखव करणारा तो ओळखीचा वास मुख्यतः या क्लोरामाइनांचा असतो. म्हणजे क्लोरीन जंतूंशी लढायचे सोडून मळाशी झुंजण्यात खर्ची पडला, अशी ती खूण आहे. हा ‘बद्ध’ क्लोरीन जंतू मारण्यात फार मंद असतो. त्याला घालवायचे तर क्लोरीन कमी नव्हे, एकदा पुरेसा जास्त टाकून ही संयुगे मोडावी लागतात, आणि त्या वेळी तलाव बंद ठेवावा लागतो.

याहून सोपा उपाय म्हणजे तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून स्वच्छ आंघोळ. सर्वांत स्वस्त रसायन हेच! पण त्याची जाहिरात कोणी करत नाही.

सूर्य आणि क्लोरीन

उघड्यावरच्या तलावाला आणखी एक वाटेकरी असतो, तो म्हणजे सूर्य. हायपोक्लोराइट आयन २९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे जंबुपार किरण शोषतो आणि फुटतो. एप्रिलच्या भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक मुक्त क्लोरीन नाहीसा होऊ शकतो. सकाळी टाकलेले औषध दुपारी मुले उतरतात तेव्हा शिल्लक असेलच, असे नाही.

यावर उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. ते क्लोरीनला तात्पुरते आपल्याशी बांधून उन्हापासून जपते आणि गरजेप्रमाणे सोडते. दर लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम असले तर ते छत्रीसारखे उपयोगी पडते. पण छत्री फार मोठी झाली तर तिच्याखालून शिपाई बाहेरच येत नाही! म्हणूनच याचे प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये, असे वरील सूत्रांत म्हटले आहे. हे आम्ल बाष्पीभवनाने उडून जात नाही आणि उन्हाने सहसा नष्टही होत नाही. पाणी काढून टाकाल तेवढेच ते कमी होते.

डब्यांची ओळख

आता बाजारात काय मिळते ते पाहू. उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा घरगुती तलाव घेऊ. त्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी मावते. दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर ९६ ग्रॅम उपलब्ध क्लोरीन लागेल. हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा.

ब्लीचिंग पावडरमध्ये, ती ताजी असेल तर, साधारण ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. म्हणून ती सुमारे ३२० ग्रॅम लागेल. ती स्वस्त आहे आणि खेड्यापाड्यांत सहज मिळते. पण तिच्यातील न विरघळणारा चुना तळाशी बसतो आणि गाळणयंत्रात अडकतो. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडरचा जोरही भराभर उतरतो. विहिरीसाठी ती उत्तम, तलावासाठी नाही.

कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तो १४८ ग्रॅम पुरेल. मात्र त्याने पाण्याचा कठीणपणा वाढतो. दख्खनच्या काळ्या खडकातील बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी आधीच कठीण असते. अशा पाण्यात फरशीवर आणि नळांत पांढरे खवले धरतात.

सोडियम हायपोक्लोराइट द्रवरूप असते. १० टक्क्यांचे असेल तर एक लिटरला थोडे कमी लागेल. त्याने कठीणपणा वाढत नाही आणि गाळही राहत नाही. दोष एवढाच की ते टिकत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढले की ते बिघडण्याचा वेग तिप्पट-चौपट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन महिनाभराने औषधाचा राहिला आहे की नुसत्या खारट पाण्याचा, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही! हायपोक्लोराइटांच्या या सर्व प्रकारांनी टाकताक्षणी सामू वर जातो, हेही लक्षात ठेवा.

गोळ्यांच्या रूपात मिळणारे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल हे सध्याचे लाडके औषध आहे. त्यात ९० टक्के क्लोरीन असतो, म्हणून १०७ ग्रॅम पुरेल. गोळी सावकाश विरघळते, त्यामुळे रोज लक्ष द्यावे लागत नाही. पण हिने सामू खाली येतो. शिवाय तिच्या पोटात सायन्युरिक आम्ल दडलेले असते. गोळीतून १० मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात आला की त्याबरोबर सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही येते. रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन गोळीतूनच दिला, तर रोज १.२ मिलिग्रॅम आम्ल जमेल. पाणी बदलले नाही तर ३० दिवसांत ३६ आणि ९० दिवसांत १०८! म्हणजे मार्चमध्ये भरलेला तलाव मेअखेर धोक्याची रेघ ओलांडतो. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत पाण्याची टंचाई असते. टँकरने आणलेले पाणी कोण काढून टाकणार? मग पाण्यात क्लोरीन आहे असे तपासणीत दिसते, पण जंतू मात्र सावकाश मरतात. सोय म्हणून घेतलेली गोळी अशी अडचण होऊन बसते.

आता ‘रसायनमुक्त’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या मिठाच्या तलावाबद्दल. येथे माझा विषय मदतीला येतो. अशा पाण्यात लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ घालतात, म्हणजे आपल्या तलावाला जवळजवळ १४४ किलो! त्या पाण्यातून विद्युतप्रवाह सोडला की विद्युत अपघटन होऊन धनाग्राशी क्लोरीन आणि ऋणाग्राशी हायड्रोजन निर्माण होतो. म्हणजे औषध तेच, फक्त दुकानाऐवजी यंत्रात तयार झालेले. पद्धत चांगली आहे. डबे हाताळण्याचा धोका टळतो. पण सामू हळूहळू वर सरकतो, वीज गेली की क्लोरीन थांबतो, आणि हे पाणी बागेत सोडले तर झाडे सुकतात. तिला रसायनमुक्त म्हणणे हे मात्र शास्त्र नव्हे.

ओझोन आणि जंबुपार किरण यांचे दिवेही वापरतात. ते जंतू चांगले मारतात, पण यंत्रातून जाणाऱ्या पाण्यातलेच. तलावात पोहणाऱ्या एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जंतूला अडवायला पाण्यात काही शिल्लक राहत नाही. म्हणून त्यांच्या जोडीला थोडा क्लोरीन लागतोच. तुरटीने गढूळपणा खाली बसतो आणि मोरचुदाने शेवाळ मरते, पण यांपैकी कोणीही क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही. निळेशार दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, हे मनावर कोरून ठेवा.

माझी निवड

एवढे सांगितल्यावर तुम्ही विचाराल, “सर, मग तुम्ही काय घ्याल?” उघड्यावरच्या घरगुती तलावासाठी, पाणी कठीण असेल तर मी ताजे सोडियम हायपोक्लोराइट लहान कॅनमध्ये, आठवड्याला लागेल तेवढेच आणीन. पाणी मऊ असेल तर कॅल्शियम हायपोक्लोराइट. सायन्युरिक आम्ल हंगामाच्या सुरुवातीला एकदाच, मोजून, ३० मिलिग्रॅमपर्यंत. गोळ्या फक्त चार दिवस गावाला जायचे असेल तेव्हा.

“पण रोज मोजायला वेळ कोणाला आहे?” असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. गोळीची लोकप्रियता त्यातूनच आली आहे. परंतु मुक्त क्लोरीन आणि सामू मोजायला पाच मिनिटे पुरतात. डीपीडी नावाच्या द्रव्याने मुक्त क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते, आणि फिनॉल रेड हा दर्शक सामू ६.८ पासून ८.२ पर्यंत वाढताना पिवळ्याचा लाल होतो. रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, एवढेच काम. लिटमस किंवा हळदीचा कागद येथे उपयोगाचा नाही, ७.२ आणि ७.८ यांतला भेद त्यांना कळत नाही. ज्या घराला ४८,००० लिटर पाणी परवडते, त्या घराला ही पाच मिनिटे परवडत नाहीत, हे मला पटत नाही.

न मोजल्याची किंमत

मुक्त क्लोरीन १ मिलिग्रॅम आणि सामू ७.५ असताना अतिसार घडवणारा ई. कोलाय हा जंतू मिनिटभरात मरतो. कावीळ अ चा विषाणू सुमारे १६ मिनिटे आणि जिआर्डिया ४५ मिनिटे टिकतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र दहा दिवसांहून अधिक तग धरतो! म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाने पाण्यात उतरायचेच नाही. तेथे डब्याची निवड कामाची नाही. २०२४ साली केरळात नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाने काही मुलांचा बळी घेतला. तळ्यात, नदीत आंघोळ करताना तो नाकावाटे शिरून मेंदूपर्यंत पोहोचतो. कोमट, साचलेले, क्लोरीन नसलेले पाणी त्याला मानवते. योग्य क्लोरीन राखलेल्या पाण्यात तो टिकत नाही.

दुसरा धोका डब्यांचाच आहे. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला, तोच हा वायू. सामू उतरवण्यासाठी आणलेले ॲसिड आणि क्लोरीनचा कॅन बहुतेक घरांत एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी असतात! गोळीची भुकटी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो. दोहोंसाठी एकच चमचासुद्धा वापरू नये. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये.

येथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. हे डबे मालक हाताळत नाहीत. माळी किंवा रखवालदार हाताळतो. डब्यावरील सूचना बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. ज्याच्या हातात बादली, त्याच्या हातात माहिती नाही, अशी आपली व्यवस्था आहे. त्याला हातमोजे आणि चष्मा देणे, सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावणे आणि ‘हे दोन डबे कधीही एकत्र करू नका’ हे त्याला करून दाखवून सांगणे, ही मालकाची जबाबदारी आहे. माझ्या मते उत्तम रसायन तेच, जे वापरणाऱ्या माणसाला समजले आहे.

शिक्षकांना एक विनंती. डबे मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. पण तपासणीची साधी पेटी आणून सोसायटीच्या तलावाचे, शाळेच्या टाकीचे आणि गावच्या विहिरीचे पाणी आठवडाभर सकाळ-दुपार तपासा व आलेख काढा. ऊन आणि क्लोरीन यांचे नाते फळ्यावरच्या समीकरणापेक्षा तो आलेख अधिक चांगले शिकवील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पुढच्या वेळी तलावावर जाल तेव्हा एक फळा शोधा. आजची तारीख, वेळ, मुक्त क्लोरीन किती, सामू किती, एवढ्या चारच गोष्टी त्यावर लिहिलेल्या असाव्यात. फळा नसेल तर नम्रपणे विचारा, “काका, आज पाणी मोजले का?” उत्तर मिळाल्यावरच उडी मारा.